पाठकोऱ्या पानावर

टॉवेल कारखान्याच्या चलनबुकात
पाठकोऱ्या पानावर इरेश मांडतो:
डिझेल एकोणीस हजार,
टोल (अर्ध्या पावत्या खिडकीतून उडाल्या),
टायर चार, तेही कुणीतरी वापरून सोडलेले.

होटगी रोडवरून ट्रेलर निघाला रात्री,
गाडीवर पांघरलेली घरचीच चादर, मोराची.
विजापूर ओलांडताना श्रीशैल म्हणाला,
"क्लबात आता आपण दोघंच, न्हवं?"

कोईमतूरला सहा लॅप.
सातव्यात गिअरबॉक्स.
साडेनऊशे किलोमीटर जाऊन आठ मिनिटं.
परतताना कडक भाकरी, शेंगाचटणी;
चित्रदुर्गापर्यंत कुणी बोललं नाही.

मिनिटाला किती पडले?
भागायला घेतलं,
मग पेनाला टोपण लावलं.

चादर दोनदा धुतली बायकोनं.
मोराच्या पिसाऱ्यात अजून
एक डोळा जास्त आहे,
ऑईलचा.