पोटांची वही

वार्दोच्या धक्क्यामागे, पिवळ्या शेडमध्ये
मी कॉड माशांची पोटं फाडते.
बावीस वर्षं झाली. सरकारी नोकरी, रबरी हातमोजे,
खिडकीबाहेर मार्चमध्येही गुडघाभर बर्फ.

तोंडं बोलतात: धक्क्यावरची, सभेतली, टीव्हीवरची.
पोट उलटं केलं की ट्रेमध्ये ओततं
काल रात्री कोण कुणाला भेटलं ते:
अकरा कॅपेलिन, त्यात चार माद्या अंड्यांनी टच्च,
कोळंबीच्या मिशा, क्रिलची गुलाबी पेज,
एकदा तर लोकरी हातमोज्याचं तुटलेलं बोट
(आत काही नव्हतं. पाहिलं मी.)

वजन करायचं, लिहायचं, पुढचं पोट.

त्या वर्षी कॅपेलिन आटत गेला.
आधी माझ्या वहीला कळलं, मग हॉर्नोयाच्या कड्यांना.
गिलमॉट पक्षी यायचे, दाटीवाटीनं बसायचे,
आणि अंडं न घालताच उडून जायचे.
एकशे एकेचाळिसाव्या पोटात
वीतभर लांबीचा कॉडच निघाला.
पुढच्यात दोन.
पोटचं पोर म्हणतो आपण,
ते असं पोटात परत गेलेलं.
मी रकान्यात लिहिलं ‘स्वजातीय’
आणि कॉफी प्यायला बाहेर गेले.
कॉफी तशीच हातात गार झाली.

पानगळीच्या दिवसांत आकडा जाहीर झाला.
यंदा कॅपेलिनचा कोटा: शून्य.

माझ्या भावाच्या बोटीला आमच्या आईचं नाव आहे,
आस्लौग.
ती धक्क्याला बांधलेली, दोरावर मीठ फुललेलं.
तोरगाइर माझ्या स्वयंपाकघरात उभाच राहिला,
बूटसुद्धा काढले नाहीत.
“पोटावर पाय दिला, तोही सख्ख्या बहिणीनं.
पक्षी कर भरतात का गं? देवमासे मत देतात?”
मी म्हणाले, पंगत मोठी आहे, तोरगाइर.
आपण सगळ्यांत शेवटी आलो
आणि हातात पळी घेऊन वाढपी झालो.
“वाढप्यालाही भूक लागते,” तो म्हणाला.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.
बँकेचा हप्ता कुठल्याच पोटात सापडत नाही.

नाताळला तो आला नाही.
फेब्रुवारीत एका सकाळी, उजाडायचं होतं अजून,
शेडच्या दाराशी बादली.
आत तीस पिशव्या, सुतळीनं बांधलेल्या,
प्रत्येकीत चिठ्ठी: तारीख, खोली, जागा,
त्याच्या त्या गळासारख्या वाकड्या अक्षरात.
गळाला लागलेल्या कॉडची पोटं.
बहुतेक रिकामी.
रिकामी पोटंही त्यानं
तितकीच नीट गाठ मारून पाठवली होती.

दुपारी स्वतःच आला. म्हणाला, वही दाखव.
मी दाखवली.
कॉड काय खाणार, सील काय, देवमासा, पक्षी.
आणि सगळ्यांच्या आधी एक रकाना
ज्याला कुणीच हात लावायचा नाही:
पुढच्या वर्षीच्या अंड्यांपुरता.
“माणूस कुठाय?”
शेवटी. हा बघ.
बराच वेळ पाहत राहिला.
“अरुंद आहे.”
हो.
त्यानं पान उलटलं,
पुढे कुठे रुंद होतोय का ते पाहायला.

मग माझे जादाचे हातमोजे ओढले,
ते त्याच्या अर्ध्या पंजालाही पुरेनात.
“दे सुरी.”

अठ्ठावीस पोटं झाली.
एकोणतिसाव्यात एक कॅपेलिन होता,
एकच, शेपटीकडून विरघळत आलेला,
डोळा मात्र शाबूत.
आम्ही तो बाबांच्या जुन्या तराजूत ठेवला
आणि दोघंही वाकून बघत राहिलो.

काटा हलला की नाही,
यावर अजून आमचं एकमत नाही.