सेगेद, पाचवा मजला

ओव्हनच्या बटणावरचे आकडे केव्हाच पुसलेत,
लोरांत तळहाताने आच जोखतो.

बटाटे सालासकट. एकाच्या आठ फोडी,
होडीसारख्या; एकही दुसरीसारखी नाही.
"आई आधी पाण्यात ठेवते,"
ओट्यावर बसून पाय हलवत बोर्का म्हणते.
तो ठेवतो. दोघंही बघत राहतात
पांढुरकं होत जाणारं पाणी.

मग फडक्याने टिपणं,
तेल, लसूण, चिमूटभर शहाजिरं
आणि पाप्रिका. इतकी,
की तिची बोटं सोमवारपर्यंत लाल राहतील,
तिकडच्या घरीसुद्धा.

एक बाजू करपते.
ती नेमक्या त्याच फोडी उचलते,
फुंकर घालत.
"पुढच्या वेळी थोडं आधी काढ हं,"
तोंड भरलेलं.

लोरांत मीठ शोधायला उठतो.
मीठ समोरच असतं.