चालीवरून

धंतोलीत हाडांच्या दवाखान्यासमोर
मी गाड्या लावून देतो, सकाळी नऊपासून.
एक्स-रे आत निघतात.
मला बाहेरच दिसतं.

गाडीवरून पाय फिरवताना जो ओठ चावतो, त्याचा खुबा.
जो ढुंगणावर हात ठेवून पोटरीकडे पाहतो,
त्याची शीर दबली मणक्यात;
दुखणं कमरेचं, पोटरीत भाड्यानं राहते.
त्या वसुलीवाल्या पोराचं पाकीट मागच्या खिशात,
विटेएवढं, दिवसभर त्याच्यावरच तिरका बसतो.
म्हटलं त्याले, बापा, पाकीट पुढं ठेव,
आधी ते करून पाह्य, मग फी भर.

एक पोरगी यायची, गडचिरोलीकडची, दुर्पता.
एकोणीस वर्षांची, म्हातारीसारखी झुलत चालायची.
मला वाटलं, पडली असेल कुठं.
भाऊ म्हणाला, सिकलसेल आहे,
रक्त पोचत नाही, खुब्याचा गोळा आतल्या आत वाळला.
तेव्हापासून अंदाज मनातच ठेवतो.

माझं कोणी विचारलं नाही. मीही नाही.
बावीस वर्षं गोळीबार चौकात खड्ड्याचा माग,
डावी पावडी, उजवी पावडी,
मग माग गेला सरपणाच्या भावात
आणि डावा खुबा रात्री जागा राहू लागला.
शशिकला म्हणे वात आहे. एरंडाचं पान बांधायची.
शेजारचे निनावे हाडवैद्याचा पत्ता देऊन गेले,
तो पंचांगात आहे अजून.

एक दिवस वरच्या खिडकीतून
फिजिओथेरपीच्या बागडे मॅडम ओरडल्या,
'काका, बगळ्यासारखे काहून उभे राहता?
सगळं वजन उजव्यावर!'

दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला बाकावर आडवं केलं.
गुडघा बाहेर वळवला. 'इथं?'
नाही.
'इथं?'
मी माईचं नाव घेतलं.

फोटो अर्ध्या पैशात निघाला.
झीज आहे, थोडीच, म्हणाले डॉक्टर,
बाजूचे स्नायूच काम विसरलेत.
गोळी आठ दिवस, जेवल्यावर. जास्त नाही, पोट बिघडते.
कुशीवर पडून पाय वर, दहादा.
मग गुडघे आळीपाळीनं छातीशी.
आणि स्टूल मागून घ्या, तासन्‌तास उभं राहू नका.

स्टूल मागितलं दोनदा.
अर्ज द्या म्हणाले.

रात्री कुलरपुढं चटईवर पडतो.
डावा गुडघा, उजवा गुडघा, डावा.
कुलरचा पत्रा खडखडतो, नेमका त्याच ठेक्यात.
पोळ्या लाटता लाटता शशिकला म्हणाली,
'किती वार झालं जी?'
म्हटलं, अजून काठच चालू हाये.
ती हसली, मग बराच वेळ
नुसतं लाटणंच वाजत राहिलं.

बारा आण्यांचं दुखणं सात आण्यांवर आलं.
ढगाळ दिवशी आठ.
उन्हात दोन्ही पायांवर उभा राहतो;
विसरलो की वर काचेवर टकटक होते.

जानेवारीत ऑटोतून एक पोरगी उतरली,
हातात काठी, पण पाऊल सरळ.
मी ओळखलं नाही. चालीवरून ओळखणारा मी,
नुसता म्हणालो, ऑटो पुढं घ्या, पुढं.
ती थांबली. नवा खुबा बसवलेली दुर्पता.
माझ्या पायांकडे पाहत म्हणाली,
'काका, तुमचा कोणता दुखते जी?'