लाल चिंधी

सव्वासातला घंटागाडी आमच्या गल्लीत वळते.
पांडवलेण्यांच्या डोंगरावर तेव्हा
ऊन नुकतं चढू लागलेलं असतं
आणि मी चहा गाळत असते.
चोथा ओल्या डब्यात.

हे आता.
पूर्वी सगळं एकाच काळ्या पिशवीत:
कांद्याची सालं, गोळ्यांची पाकिटं, संपलेले सेल,
नवऱ्याच्या दाढीची पाती,
आणि वर एक गाठ.
गाठ मारली की घर स्वच्छ.

त्या आठवड्यात लोणच्याची बरणी फुटली.
तळाशी खार होता, मोहरी, तिखट.
तुकडे सुपलीत भरले, पिशवीत सोडले,
गाठ मारली.
मग फरशी दोनदा पुसली,
लेकीच्या पायात बारीकसुद्धा काच जाऊ नये म्हणून.
लेकीच्या पायाचा विचार मी केला होता,
हे स्वतःला अजून सांगत असते.

बुधवारी गाडीवर मथुराताई नव्हत्या.
शनिवारीही नाहीत.
आल्या तेव्हा उजव्या तळव्याला पट्टी, पाच टाके.
"कोणाच्या तरी पिशवीत काच व्हती," म्हणाल्या.
"कापल्याचं काही नाही वो, पण खार लागला ना,
रातभर आग आग.
लोणचं मात्र चांगलं घातलेलं व्हतं.
हाताला दोन दिवस वास."

मी काहीच बोलले नाही.
जखमेवर मीठ चोळणे :
नववीच्या मुलांना मी दरवर्षी
वाक्यात उपयोग करायला देते.

पुढे बल्ब फुटला, तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळला,
वर ठसठशीत अक्षरात लिहिलं :
सावधान. आत काच आहे.
ऱ्हस्व-दीर्घ तपासून.
मथुराताईंनी पुडी उलटसुलट केली.
"काय लिहिलंय ताई?"

तेवीस वर्षं मराठी शिकवते मी.

"लिहू नका. लाल चिंधी बांधा.
लांबून दिसती."

तेव्हापासून जुन्या परकराच्या चिंध्या
स्वयंपाकघराच्या खिळ्याला अडकवलेल्या असतात.
वरचे गांगुर्डे बांधतात,
औषधवाले ब्रह्मेचा सुयांसाठी पत्र्याचा डबा ठेवतात.
कोपऱ्यावरचा बंगला बांधत नाही.
त्यांच्याकडे काही फुटतच नाही म्हणे.

एका रविवारी मी खतप्रकल्पावर गेले,
कुणी बोलावलं नव्हतं.
एकीकडे ओल्याचे ढीग, काळे, भुसभुशीत.
मुठीत घेतलं तर कोमट,
नुकत्या उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखं.
हे द्राक्षवाले नेतात, तिथला मुकादम म्हणाला.
दुसरीकडे आमच्यासारख्यांचा डोंगर.
न कुजणारा, न जळणारा,
पण आतून कुठेतरी धुमसणारा.
घारी, कुत्री,
आणि बायका वाकलेल्या,
एकेक गाठ सोडवत.

म्हणजे मी मारलेली प्रत्येक गाठ
इतकी वर्षं कुणीतरी सोडवत होतं.

परतताना नासर्डीच्या पुलावर रिक्षा थांबली.
पूर ओसरल्यावर बाभळींना लटकलेल्या पिशव्या,
फांदीफांदीला, पानांपेक्षा जास्त.
जे गाडीत पडत नाही ते इथे,
इथून टाकळीच्या संगमावर, गोदेत.
त्याच गोदेचं पाणी मी तांब्यात भरून
देवघरात ठेवते.
"बाहेर टाक" असं लेकीला म्हणताना
हल्ली जीभ अडते.
बाहेर कुठे?

यंदा कैऱ्या स्वस्त होत्या. लोणचं घातलं.
एक बरणी मथुराताईंना दिली,
काचेचीच, फडक्यात गुंडाळून.
त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला.
बराच वेळ घेतला.
माझ्याकडे पाहिलं नाही.
उजव्या तळव्यावरचा व्रण अंगठ्याने चोळत राहिल्या.
मागे गाडीवाला भोंगा वाजवत होता.

मग झाकण घट्ट लावलं, बरणी पदराखाली धरली.
"बरणी देईन परत," म्हणाल्या,
"धुऊन."