दीड इंच माया

रुवीत, सोन्याच्या दुकानांमागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर, एसीचं पाणी जिथे बादलीत ठिबकतं,
तिथे मी शिवते.
बायका मला मास्टरीणबाई म्हणतात.

आधी मापं मोठ्याने वाचायचे.
छाती बेचाळीस, कंबर अडतीस, दंड साडेपंधरा,
आणि बाकावरच्या चौघींच्या माना
आकड्यामागून आकड्यावर वळायच्या,
लिलावात वळतात तशा.
शिकवणाऱ्या मास्तरांनी तसंच शिकवलं होतं.
दुसरं काही कारण नव्हतं.

मग एकदा शैजम्मा, हॉस्पिटलातली नर्स,
बारा तास पेशंट उचलून आलेली,
म्हणाली, दंडाचं सांगू नकोस. नुसतं लिही.
तेव्हापासून वही गुडघ्यावर,
आकडा तिच्यात आणि माझ्यात.

गुरुवारी रात्री थांबायला लागल्या सगळ्या.
शिरीन परकार, दापोलीची, जवळ्याची चटणी घेऊन,
जिला सासरी सुकट म्हणत.
खालच्या मजल्यावरची जुवैना, थर्मासभर कहवा घेऊन,
बाळंतपणानंतर जिने आरशावर चादर टाकली होती.
आणि मी, जिला दिरांनी भर पंगतीत
पिंप म्हटलं, आणि मी वाढतच राहिले.
जिलबी वाढत, असं म्हणायचंय मला.

दूध पावडरचा रिकामा डबा ठेवला मशीनशेजारी:
स्वतःच्या अंगाला जी नावं ठेवेल
तिने शंभर बैसा टाकायचे.
पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त माझेच.
आणि दुसरीला ठेवली तर? जुवैनाने विचारलं.
तर कहवा बंद, शिरीन म्हणाली.

शाल्मलीला तिची आई घेऊन आली.
माप घ्या, म्हणाली, पण शिवा दोन इंच आत.
लग्नापर्यंत उतरेल. उतरायलाच हवी.
मुलगी पंख्याकडे बघत, पोट आत ओढून,
इमिग्रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी.
सोड गं श्वास, मी म्हटलं,
टेप काही कुणाला सांगत नाही.

होती तेवढीच शिवली तिला.
वर आत दीड इंच माया सोडली.
शिवणीत दडवलेल्या जास्तीच्या कापडाला
आमच्यात माया म्हणतात,
हे जुवैनाला सांगताना माझी हिंदी संपली,
मग हातांनी सांगितलं.

आई चिडली. पैसे टेबलावर ठेवले, मोजून, नाण्यांसकट.
लग्नाचे फोटो दुसऱ्याच कुणीतरी दाखवले:
शाल्मली हात वर करून नाचतेय,
काखेत शिवणीला एक चुणी पडलीय.
ती चूक माझी.

चार महिन्यांनी, दुपारी, गल्ली बंद असते त्या वेळी,
आईच आली. एकटी.
पिशवीत तिच्या लग्नातला ब्लाऊज, मोरपंखी,
सव्वीस वर्षांचा.
आतून काही निघेल का?

उसवून पाहिलं. शिवणीला लागूनच कापलेलं.
सूतभरसुद्धा माया नव्हती.
कुणी शिवला होता?
आमच्या आईने.
कापड कमी पडलं असेल, मी म्हटलं.
कापड पुष्कळ होतं, म्हणाली,
आणि बराच वेळ बादलीतलं ठिबकणं ऐकत बसली.

चिंध्यांचं गाठोडं सोडलं.
जुवैनाच्या जलाबियाचा हिरवा तुकडा,
शैजम्माच्या साडीचा उरलेला पट्टा.
रंग जुळेना. वेळ गेला.
बगलेत दोन्हीकडे कळ्या घातल्या.
हात वर करा.
केला. अर्ध्यावर थांबली, फाटेल म्हणून,
मग पूर्ण.

दिसतंय का, वेगळं कापड?
दिसतंय, म्हटलं.

ती तशीच उभी राहिली आरशासमोर, हात वर,
वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखी.

जाताना डब्यात शंभर बैसाची नोट टाकली.
अहो, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत, मी म्हटलं.
आज नाही, ती म्हणाली,
मागची बाकी आहे.
आणि पर्समध्ये आणखी सुटे शोधायला लागली.