चौथा पाय

कुटाइसीत, बंद पडलेल्या ट्रक-कारखान्याच्या कँटीनमध्ये
आमची तालीम चालायची.
मी प्रॉम्प्टर. म्हणजे नाटकात जिला आवाज असतो,
तोंड नसतं, ती.

नाटकातला शेठ भिंतीवरचा खिळा विकत घेतो.
चित्र आधीच चोरीला गेलेलं.
मंत्री येऊन खिळ्याला पदक देतो.
दुसऱ्या अंकात खिळ्याला पहारा,
तिसऱ्यात खिळ्याच्या नावानं कर.
बादुर, आमचा दिग्दर्शक, ओरडायचा:
हसू नका रे, हसलात की खोटं वाटतं!

पैसे जुंबेरचे. मँगनीजच्या खाणी त्याच्या.
त्याची अट एकच,
शेठ जरा देखणा हवा.

शाल्वा सुतारानं सोनेरी खुर्ची केली, तीन पायांची.
पुढचा उजवा पाय त्यानं मुद्दाम लावला नाही;
शेवटी मंत्री बसतो आणि कोसळतो, म्हणून.

पहिल्या प्रयोगाला जुंबेर उशिरा आला,
चौदा पाहुणे घेऊन.
जागा कमी पडल्या.
म्हातारी त्सिउरी विंगेत गेली, हाताला लागेल ती खुर्ची
उचलून पहिल्या रांगेत मांडली.

मी पेटीतून बघत होते.
विसरलेली वाक्यं पुरवणं माझं काम;
हे वाक्य कुणी विसरलं नव्हतं,
कुणी लिहिलंच नव्हतं.

तो बसला.
खुर्ची डुगडुगली. त्याला कळलं.
उजवीकडे राज्यपाल, डावीकडे सासू.
त्यानं आपलाच पाय रोवला, चौथ्याच्या जागी,
आणि दोन तास दहा मिनिटं
स्वतःला टेकू देत बसला.
घाम फुटला, चेहरा लाल.
बाई म्हणाल्या, किती हळवा माणूस!

वर मंत्र्याला खुर्चीच नाही.
तो बिचारा हवेतच बसला, गुडघे लटलटत.
सगळ्यांत मोठा हशा तिथं पिकला.
समोरासमोर दोन माणसं,
दोघांच्या मांड्या थरथरताहेत,
आणि एकालाच टाळ्या.

शेवटी सगळं थिएटर उभं राहिलं.
जुंबेर सोडून.

दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची विकत घेतली,
मागितली त्याच्या तिप्पट किंमत देऊन.
ती त्याच्या कचेरीत काचेआड आहे म्हणतात.
बादुरनं त्यातून छप्पर नीट केलं,
एक कोपरा अजून गळतो.

चौथा पाय शाल्वाकडेच राहिला.
त्याची बायको उन्हाळ्यात
स्वयंपाकघराच्या खिडकीला लावते.
खिडकी उघडी राहते.