मधली डबी

वडगावात दहाला माग थांबतात
आणि माझा अ‍ॅम्प उघडा पडतो.
दिवसभर खटखटीत बुडालेली गिटार
आता भिंतीपलीकडच्या इरव्वाच्या ताटल्यांत वाजते.

मास्टर एकवर ठेवला तर गप्प.
दीडवर, गल्लीतली कुत्री उठतात.
मधलं काही नाहीच.

भरमा, खडेबाजारात रेडिओ उघडणारा,
अ‍ॅम्पची पाठ स्वतःकडे वळवून म्हणाला,
"गळा दाबू नको ह्याचा. तापू दे.
हितनं आवाज भाईर काढू, हितनं परत आत सोडू,
वाटेत एक नाका बसवू."
साबणाची डबी, एक पॉट, दोन जॅक,
कथलाचे ओबडधोबड डाग.
ऐंशी रुपये, वर चहा.

आता पुढचे व्हॉल्व्ह मनासारखे तापतात,
तिसरी तार वाकवली की पूर्वीसारखीच कण्हते,
खरखरीसकट,
फक्त उंबऱ्याच्या आत.

परवा डबीचं बटण कोपर लागून फिरलं.
भिंतीवर तीन थापा. मग इरव्वा:
"सावकाश!"

कानडीत म्हणाली का मराठीत,
मी बराच वेळ तार दाबून विचार करत बसलो.
मग बटण
केसभर मागं घेतलं.